वावडे, पथ्य आणि प्रशासन

कार्तिक महिन्याच्या शेवटच्या सोमवारी बंगळुरूच्या बसवनगुडी भागात, दोड्ड बसवण्णाच्या देवळाजवळ शेंगांची मोठी जत्रा भरते. 'कडलेकाई परिषे' हे तिचे नाव. आसपासच्या गावांतील शेतकरी भुईमुगाचे नवे पीक घेऊन येतात आणि पहिला वाटा नंदीला अर्पण करतात. पूर्वी एक बैल रात्री येऊन शेतातील शेंगा फस्त करीत असे आणि पुढे तोच नंदीरूपाने तेथे स्थिर झाला, अशी आख्यायिका आहे. कच्च्या, भाजलेल्या, उकडलेल्या शेंगांचे ढीग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लागलेले असतात. बंगळुरूत राहणाऱ्या मराठी माणसाला ही जत्रा लगेच आपलीशी वाटते, कारण शेंगदाण्याच्या कुटाशिवाय आपलेही पान हलत नाही.

काही वर्षांपूर्वी परिचयातील एका मराठी कुटुंबाबरोबर मी या जत्रेला गेलो होतो. त्यांचा अडीच वर्षांचा मुलगा आजीच्या कडेवर होता. आजीने उकडलेली शेंग सोलून, दाणा बोटांनी चुरडून त्याला भरवला. दहा मिनिटांच्या आत त्याचे ओठ सुजले, गळ्यावर आणि पोटावर लालसर चट्टे उठले, मग खोकला सुरू झाला आणि त्याने उलटी केली. आजी म्हणाल्या, "पित्त उठलंय, घरी जाऊन आमसुलाचं पाणी लावू." वडिलांना वाटले गर्दीचा आणि उन्हाचा त्रास. आईने मात्र त्याचा आवाज बसल्याचे ओळखले आणि रिक्षा थांबवली. जवळच्या रुग्णालयात मांडीत एक इंजेक्शन दिले गेले आणि अर्ध्या तासात मूल खेळू लागले. डॉक्टरांनी रात्रभर देखरेखीसाठी ठेवून घेतले, तेव्हा आजींना ते अतिच वाटले. ते अति नव्हते, हे पुढे सर्वांनाच कळले.

ही घटना येथे सांगण्याचे कारण पुढच्या आठवड्यात जे घडले त्यात आहे. आईवडील मुलाच्या बालवाडीत गेले. मुलाला शेंगदाणा चालत नाही, कधी चुकून पोटात गेलाच तर हे इंजेक्शन द्यावे लागेल, ते जवळ ठेवाल का, अशी विचारणा त्यांनी केली. व्यवस्थापनाचे उत्तर सौजन्यपूर्ण होते, पण ठाम होते. औषध देण्याची आम्हाला परवानगी नाही, काही झाले तर आम्ही पालकांना तत्काळ फोन करू. आई आणि वडील दोघांची कार्यालये व्हाइटफील्डला, बालवाडी दक्षिण बंगळुरूत. ज्यांनी या शहराची वाहतूक अनुभवली आहे त्यांना या 'तत्काळ' शब्दाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

परवानगी नाही म्हणजे नेमके काय? कोणी नाकारली, कोणत्या नियमाने? प्रशासनात आयुष्य काढलेल्या माणसाच्या मनात हे प्रश्न येणे स्वाभाविक आहे. या लेखात त्यांचाच विचार करायचा आहे. परंतु त्याआधी विषय नीट समजून घेतला पाहिजे, कारण चुकीच्या समजुतीवर केलेला नियम नियम नसण्यापेक्षाही अधिक हानी करतो.

शब्द आपल्याकडे आहे, ओळख नाही

'ॲलर्जी' हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये योजला. मराठीत त्याच्या जवळ जाणारा 'वावडे' हा शब्द फार जुना आहे. अमक्याला वांग्याचे वावडे आहे, तमकीला अंड्याचे वावडे आहे, असे आपण सहज म्हणतो. मात्र या शब्दात नावड, न पचणे आणि खरी ॲलर्जी अशा तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. त्यामुळे 'वावडे' म्हटले की ऐकणाऱ्याला ते लाड वाटतात, आणि 'थोडे खाऊन बघ, काही होत नाही' असा आग्रह सुरू होतो.

चट्ट्यांच्या बाबतीतही असेच झाले आहे. अंगावर गांधी उठल्या की आपण त्याला पित्त म्हणतो. कन्नडमध्येही 'पित्त' आणि 'गंधे' हेच शब्द वापरात आहेत. नाव पित्ताचे पडले की उपायही पित्ताचा होतो आणि अर्ध्या तासापूर्वी मुलाने काय खाल्ले हा प्रश्न विचारायचा राहून जातो. गांधी उठण्याची कारणे अनेक आहेत. लहान मुलांमध्ये साध्या विषाणुसंसर्गानेही त्या उठतात. प्रत्येक पित्त म्हणजे ॲलर्जी नव्हे. पण विशिष्ट पदार्थ खाल्ल्यानंतर काही मिनिटांत ते दोन तासांच्या आत त्या उठत असतील, आणि तोच पदार्थ पुन्हा खाल्ल्यावर पुन्हा उठत असतील, तर तो योगायोग समजू नये.

खरी अन्न-ॲलर्जी म्हणजे शरीराच्या संरक्षणव्यवस्थेने अन्नातील निरुपद्रवी प्रथिनाला शत्रू समजणे होय. तिची लक्षणे चार ठिकाणी दिसतात. त्वचेवर गांधी, खाज, ओठ व पापण्यांची सूज; पोटात कळ, उलटी, जुलाब; श्वसनमार्गात शिंका, खोकला, घरघर, आवाज बसणे; आणि रक्ताभिसरणात फिकटपणा, घाम, गळून जाणे, शुद्ध हरपणे. अन्न पोटात गेल्यानंतर यांतील दोन ठिकाणांची लक्षणे एकाच वेळी दिसू लागली तर तो धोक्याचा इशारा आहे. यालाच ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. या प्रतिक्रियेच्या शोधासाठी शार्ल रिशे या फ्रेंच शास्त्रज्ञाला १९१३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तान्ह्या मुलाला 'घसा आवळतो' असे सांगता येत नाही. ते एकाएकी चिडचिडे होते, जीभ बाहेर काढते, कान ओढते, किंवा एकदम निपचित पडते. आईला 'काहीतरी वेगळे आहे' असे वाटणे हेही येथे एक लक्षण मानावे.

दूध न पचणे ही मात्र ॲलर्जी नव्हे. दुधातील साखर पचवणारे द्रव्य कमी असेल तर पोट फुगते, जुलाब होतात; त्रास होतो, पण जीव जात नाही. गव्हातील ग्लूटेनमुळे आतड्यांना इजा होणारा सीलिॲक हा तिसराच आजार आहे आणि त्याच्या तपासण्या वेगळ्या आहेत. काही तान्ह्या मुलांना दुधातील प्रथिनांची उशिरा दिसणारी ॲलर्जी असते. त्यात शौचातून रक्ताच्या रेषा जातात किंवा काही तासांनी वारंवार उलट्या होतात. हे वर्गीकरण आईवडिलांनी घरी करू नये. त्यांनी नोंद करावी आणि निदान डॉक्टरांवर सोडावे.

बंगळुरू-म्हैसूरचा धडा

या विषयातील एक महत्त्वाचा अभ्यास आपण राहतो त्याच परिसरात झालेला आहे, हे फार थोड्या बंगळुरूकरांना ठाऊक असेल. युरोपीय संघाच्या साहाय्याने झालेल्या 'युरोप्रिव्हॉल' या प्रकल्पात भारत, चीन आणि रशिया यांचाही समावेश होता. भारतातील काम बंगळुरू व म्हैसूर परिसरात झाले आणि म्हैसूरच्या जेएसएस वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. पी. ए. महेश हे त्यातील प्रमुख संशोधक होते. प्रौढांविषयीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणीत २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्धचे प्रतिद्रव्य सापडले. पण ज्यांना ते अन्न खाऊन प्रत्यक्ष त्रास होतो आणि तपासणीही तसेच सांगते, असे लोक केवळ १.२ टक्के निघाले.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. चारांपैकी एकाच्या रक्तात खूण आहे, पण आजार शंभरांत एखाद्याला आहे. याचा अर्थ असा की निव्वळ रक्ततपासणीच्या आधारे पदार्थ बंद करायचे ठरवले, तर बहुसंख्य लोक विनाकारण उपाशी राहतील. आज महानगरांत शंभर-दोनशे पदार्थांची एकत्रित तपासणी करून देणारी 'पॅकेजे' मिळतात. तपासणीचा कागद हाती आला की गहू, दूध, तूर, हरभरा, टोमॅटो एका रात्रीत बंद होतात. त्यांतील काही तपासण्या तर आयजीजी या प्रतिद्रव्याच्या असतात. ते अमुक अन्न पूर्वी खाल्ल्याची खूण असते, ॲलर्जीची नव्हे. आणि अन्न-ॲलर्जीच्या निदानासाठी ती तपासणी करू नये, असे युरोपातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच स्पष्ट केले आहे.

मुलांविषयीचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. सहा ते अकरा वयोगटातील शाळकरी मुलांमध्ये संभाव्य अन्न-ॲलर्जीचे प्रमाण हाँगकाँगमध्ये १.५० टक्के, रशियात ०.८७ टक्के, तर भारतात ०.१४ टक्के आढळले. हा आकडा लहान आहे यात शंका नाही. या आकड्याकडे बोट दाखवून 'हे पाश्चात्त्यांचे दुखणे' असे म्हणणारे अधिकारी मला भेटले आहेत. परंतु ०.१४ टक्के म्हणजे एक लाख मुलांमागे १४० मुले. सर्पदंशाने किती मुले दगावतील याची वाट पाहून आपण प्राथमिक आरोग्य केंद्रात लस ठेवत नाही. दुर्मीळ पण जीवघेण्या आणि सहज टाळता येणाऱ्या संकटासाठी तयारी ठेवणे हेच तर यंत्रणेचे काम असते.

आईवडिलांनी काय करावे

संशय आला तर पहिले काम म्हणजे वही. तारीख, वेळ, खाल्लेला पदार्थ, त्यातील सर्व घटक, किती खाल्ले, किती वेळाने काय दिसले, किती वेळाने कमी झाले, आणि त्या दिवशी ताप अथवा नवीन औषध होते का, एवढ्या नोंदी कराव्यात. चट्ट्यांचे छायाचित्र काढून ठेवावे, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत ते मावळलेले असतात. चांगल्या टिप्पणीशिवाय चांगला निर्णय होत नाही, हे कार्यालयात जितके खरे तितकेच दवाखान्यात.

दुसरे, संशयित पदार्थ तेवढा थांबवावा. सगळे ताट बदलू नये. दूध, अंडी, डाळी, गहू हे एकदम काढून टाकले तर वाढत्या मुलाची प्रथिने, कॅल्शियम आणि उष्मांक कोठून येणार? ज्या देशात कुपोषण हीच मोठी समस्या आहे तेथे अनावश्यक पथ्य हे स्वतःच एक दुखणे ठरते. पथ्य सुरू असताना वजन-उंचीचा तक्ता भरत राहावा. संशय दुधाचा असेल आणि मूल अंगावर पीत असेल, तर स्तनपान थांबवू नये. आईच्या आहारात बदल हवा की नको ते डॉक्टर सांगतील.

तिसरे, घरी प्रयोग करू नये. खरे निदान इतिहास, त्वचेची किंवा रक्ताची नेमकी तपासणी, आणि गरज असल्यास रुग्णालयात डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो पदार्थ थोड्या-थोड्या प्रमाणात खाऊ घालून पाहणे, या क्रमाने होते. ही शेवटची पायरी निर्णायक मानली जाते आणि घरी करण्यासाठी तितकीच अयोग्य आहे. ठराविक काळाने फेरतपासणीही हवी. दूध आणि अंडे यांची ॲलर्जी बहुतेक मुलांमध्ये वयाबरोबर जाते; शेंगदाण्याची मात्र पाचांपैकी सुमारे एकाचीच जाते. एकदा लावलेले पथ्य जन्मभर चालू ठेवणे म्हणजे मुदत संपलेला आदेश कोणी रद्द केला नाही म्हणून पाळत राहण्यासारखे आहे.

चौथे, भीतीपोटी नवीन अन्न देणे लांबवू नये. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने २००० मध्ये सल्ला दिला होता की ज्या मुलांना धोका अधिक, त्यांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये. तो सल्ला २००८ मध्ये मागे घेतला गेला. २०१५ मध्ये लंडनच्या गिडिऑन लॅक यांच्या गटाने ६४० तान्ह्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ही मुले चार ते अकरा महिन्यांची होती. ज्यांना शेंगदाणा नियमित दिला त्यांच्यात पाचव्या वर्षी ३.२ टक्के मुलांना त्याची ॲलर्जी होती. ज्यांना टाळायला लावला त्यांच्यात १७.२ टक्के मुलांना. सद्हेतूने दिलेला आणि जवळपास आठ वर्षे टिकलेला सल्ला उलट्या दिशेचा होता. उष्टावणानंतर मुलाला घरचे सर्व अन्न मऊ करून हळूहळू द्यावे ही आपली जुनी रीत त्यामुळे अधिक शहाणपणाची ठरते. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. अख्खा दाणा लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकतो, म्हणून तो कूट करून पेजेत किंवा नाचणीच्या खिरीतच द्यावा. आणि तीव्र इसब असलेल्या किंवा आधी कशाची तरी प्रतिक्रिया आलेल्या मुलाबाबत सुरुवात करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ॲनाफिलॅक्सिसचे औषध ॲड्रेनालिन हेच आहे. खाज कमी करणाऱ्या गोळ्या किंवा पातळ औषधे श्वास आवळणे थांबवत नाहीत. ॲड्रेनालिन मांडीच्या मध्यभागी बाहेरच्या बाजूस स्नायूत दिले जाते. मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या एक मिलिलिटरच्या कुपीतून पंधरा किलोच्या मुलाला ०.१५ मिलिलिटर. मुलाला आडवे ठेवून पाय किंचित वर करावेत. धाप लागत असेल तर बसू द्यावे. उभे करू नये, चालवू नये. पाच मिनिटांत सुधारणा नसेल तर दुसरी मात्रा लागू शकते. बरे वाटले तरी रुग्णालयात न्यावेच, कारण काही तासांनी लक्षणे पुन्हा उलटू शकतात. परदेशात यासाठी तयार पेन मिळते. आपल्याकडे ते साध्या औषधाच्या दुकानात सहज मिळत नाही, म्हणून कुपी, योग्य सुई आणि मात्रेची खूण केलेली सिरिंज असा संच डॉक्टरांकडून लिहून घ्यावा आणि तो वापरायला घरातील प्रत्येक मोठ्या माणसाने शिकून घ्यावे. कुपीची किंमत अगदी किरकोळ असते. अडचण पैशाची नाही.

यंत्रणेच्या ताटात काय आहे

आता शासनाकडे वळू. कर्नाटकात २०१३ मध्ये 'क्षीरभाग्य' योजना सुरू झाली आणि शाळा-अंगणवाड्यांतील मुलांना दूध मिळू लागले. २०२१ च्या अखेरीस काही जिल्ह्यांत शालेय आहारात अंडे आले, पुढे ते राज्यभर गेले, आणि २०२४ मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या साहाय्याने आठवड्याचे सहा दिवस अंडी देण्यास सुरुवात झाली. योजना सुरू झाली तेव्हा अंडे न खाणाऱ्यांसाठी केळी किंवा शेंगदाण्याची चिक्की असा पर्याय ठेवला होता. महाराष्ट्रातही डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून आदिवासी भागातील बालकांना अंडी, आणि न खाणाऱ्यांना केळी दिली जातात.

माझा या योजनांना विरोध नाही, उलट आग्रह आहे. मूठभर मुलांच्या ॲलर्जीचे निमित्त करून लाखो मुलांच्या ताटातील अंडे काढणे हा अन्याय होईल, आणि तसे निमित्त शोधणारे लोक आहेत म्हणून हे स्पष्ट लिहितो. परंतु दूध, अंडे आणि शेंगदाणा हे मुलांमधील ॲलर्जीचे तीन परिचित पदार्थ शासन स्वतःच्या हाताने वाढते, तेव्हा एक प्रश्न विचारण्याची जबाबदारीही शासनावर येते. मूल अंडे खाते की नाही, हे आपण विचारतो. त्यामागे धर्म आणि घरची रीत असते. अंडे खाल्ल्यावर त्याला काय होते, हे विचारत नाही.

विशेष म्हणजे लागणारी सर्व सामग्री आपल्याकडे आधीच आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरहूनच राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. त्यातील फिरती पथके अंगणवाड्या आणि शाळांत जाऊन ठराविक व्याधींची तपासणी करतात. त्या यादीत इसब आहे आणि दम्यासारखा श्वसनाचा आजारही आहे. अन्न-ॲलर्जीची ही दोन नेहमीची भावंडे यादीत आहेत. ती स्वतः नाही. पथक दारात उभे आहे, वही उघडी आहे, एक रकाना तेवढा वाढवायचा आहे.

ॲड्रेनालिनचेही तसेच. लसीकरणानंतर क्वचित येणाऱ्या तीव्र प्रतिक्रियेसाठी आरोग्यसेविकेजवळ ॲड्रेनालिनचा संच असतो आणि डॉक्टरकडे पाठवण्यापूर्वी वयानुसार एक मात्रा देण्याची तिला मुभा आहे. २०२१ मध्ये कोविडच्या लसीनंतर प्रत्येकाला अर्धा तास बसवून ठेवत असत, ते याच भीतीने. म्हणजे हे औषध डॉक्टरखेरीज कोणाच्या हाती देता येत नाही हे खरे नाही. शासनाने ते दिलेले आहे, प्रशिक्षण दिलेले आहे आणि ते देशभर राबवूनही दाखवले आहे. जी गोष्ट सुईने येणाऱ्या ॲलर्जीसाठी शक्य झाली ती ताटातून येणाऱ्या ॲलर्जीसाठी अशक्य का असावी?

बालवाडीच्या त्या 'परवानगी नाही' या उत्तराचे मूळही येथेच आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २७ मध्ये (पूर्वीच्या दंड संहितेचे कलम ८९) बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी, पालकाच्या संमतीने, सद्भावनेने केलेल्या कृतीस संरक्षण आहे. संमती घेण्याइतका अवधीच नसेल अशा प्रसंगासाठी कलम ३० आहे. पालकांचे लेखी पत्र आणि डॉक्टरांची लेखी सूचना हाती असताना जीव वाचवण्यासाठी शिक्षिकेने इंजेक्शन दिले, तर ती गुन्हेगार ठरेल असे मला कायद्यात कोठे दिसत नाही. पण वर्गात उभ्या असलेल्या शिक्षिकेने संहिता उघडून पाहावी अशी अपेक्षा करणेही योग्य नाही. तिला तिच्या खात्याचा एक पानी कागद हवा असतो. आपल्याकडे भीती कायद्याची नसते, परिपत्रक नसण्याची असते.

कॅनडातील ओंटारिओ प्रांताने सब्रिना शॅनन या तेरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूनंतर कायदा करून प्रत्येक शाळेला ॲनाफिलॅक्सिसचे धोरण बंधनकारक केले. तो जानेवारी २००६ पासून लागू झाला. पण केवळ धोरण पुरत नाही, हे जपानने शिकवले. डिसेंबर २०१२ मध्ये टोकियोजवळच्या चोफू शहरात दुधाची ॲलर्जी असलेली पाचवीतील एक मुलगी शाळेच्या जेवणानंतर दगावली. शाळेला तिची ॲलर्जी माहीत होती. तिचे ताट वेगळे, चीज न घालता केलेले होते. तिने आणखी एक वाढ मागितली, आणि ती दुसरी वाढ चीज घातलेल्या पदार्थाची होती. इंजेक्शन होते, पण ते टोचण्यात मोलाची मिनिटे गेली. म्हणजे नोंद होती, वेगळा स्वयंपाक होता, औषध होते. नियम दुसऱ्या वाढीच्या वेळी कमी पडला. आपल्या पंगतीत तर आग्रहाची दुसरी वाढ हाच शिष्टाचार आहे. आपण नियम करू तेव्हा हे विसरून चालणार नाही.

अन्नाच्या वेष्टनांबाबत मात्र आपण पुढे गेलो आहोत. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक विनियमांनुसार ग्लूटेनयुक्त धान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व सुका मेवा, सोयाबीन आणि ठराविक प्रमाणाहून अधिक सल्फाइट यांचा स्पष्ट उल्लेख वेष्टनावर करावा लागतो. परंतु त्यात तीळ नाहीत. अमेरिकेने १ जानेवारी २०२३ पासून तिळाला आपल्या यादीत नववे स्थान दिले. संक्रांतीला घरोघर तीळ वाटणाऱ्या देशाच्या यादीत ते नसावेत हे नवल आहे. आणि वेष्टनच नसलेल्या अन्नाचे काय? कोपऱ्यावरच्या बेकरीतील बिस्कीट, मिठाईच्या दुकानातील बर्फी, देवळातील प्रसाद आणि वाढदिवसाचा केक यांवर लेबल नसते. तेथे विचारणे हाच एक उपाय उरतो.

माझ्या सूचना

१. शाळा, अंगणवाडी, बालवाडी आणि पाळणाघर यांच्या प्रवेश अर्जात एक प्रश्न असावा: कोणताही पदार्थ खाल्ल्यानंतर मुलाला गांधी, सूज, उलटी किंवा धाप असा त्रास झाला आहे काय? 'ॲलर्जी आहे काय' असे विचारू नये, कारण तो शब्द अनेक घरांत अजून पोचलेला नाही.

२. 'होय' म्हणणाऱ्या मुलांची फिरत्या आरोग्य पथकाकडून तपासणी व्हावी आणि संशय टिकल्यास जिल्हा रुग्णालयात पाठवावे. निदान पक्के झाल्याखेरीज पदार्थ बंद करू नये, आणि बंद केल्यास बदली पदार्थ तेवढ्याच पोषणाचा द्यावा.

३. निदान झालेल्या प्रत्येक मुलाचा छायाचित्रासह एक पानी कृती-आराखडा वर्गात आणि स्वयंपाकघरात लावलेला असावा. त्यावर लक्षणे, औषधाची मात्रा, पालकांचा आणि १०८ चा क्रमांक, या क्रमाने मजकूर असावा. अशा मुलाला दुसरी वाढ ठरलेल्या एकाच व्यक्तीने करावी.

४. आरोग्यसेविकांसाठी तयार असलेले ॲड्रेनालिनचे प्रशिक्षण प्रत्येक शाळेतील दोघांना द्यावे. सद्भावनेने मात्रा देणाऱ्यावर कारवाई होणार नाही, हे परिपत्रकात स्पष्ट शब्दांत लिहावे.

५. तिळाचा समावेश केंद्रीय यादीत व्हावा आणि सुट्या मिठाईच्या दुकानांत घटकांची पाटी लावणे बंधनकारक व्हावे.

यांपैकी कोणत्याही सूचनेला नवीन विभाग, नवीन पद किंवा मोठी तरतूद लागत नाही. कदाचित म्हणूनच त्या मागे पडतात. ज्या कामाचे उद्घाटन करता येत नाही त्याला आपल्याकडे पुरस्कर्ता मिळत नाही.

परगावी राहणाऱ्या आपल्या लोकांना

परप्रांतात राहणाऱ्या मराठी पालकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मुलाला दिवसभर सांभाळणाऱ्या बाईंची भाषा आपली नसते आणि पदार्थांची नावे फसवी असतात. बंगळुरूत 'कडलेकाई' किंवा 'कडलेबीज' म्हणजे शेंगदाणा, पण नुसते 'कडले' म्हणजे हरभरा आणि 'कडले हिट्टु' म्हणजे बेसन. उत्तर कर्नाटकातून आलेल्या बाई शेंगदाण्याला आपल्यासारखेच 'शेंगा' म्हणतील. मोट्टे म्हणजे अंडे, हालु म्हणजे दूध, तुप्प म्हणजे तूप, गोधी म्हणजे गहू, गोडंबी म्हणजे काजू, एळ्ळु म्हणजे तीळ. इंग्रजीत 'नट ॲलर्जी' असे सांगून सुटू नये. पदार्थाचे स्थानिक नाव कन्नड लिपीत लिहून, शक्य तर तो पदार्थ प्रत्यक्ष दाखवून सांगावे. संक्रांतीला येथे घरोघर 'एळ्ळु-बेल्ल' वाटतात. त्यात तीळ, शेंगदाणे, सुके खोबरे, डाळे आणि गूळ एकत्र असतात. ज्या मुलाला शेंगदाणा चालत नाही त्याच्या दृष्टीने त्या प्रेमाने दिलेल्या मुठीत काय आहे, हे देणाऱ्याला ठाऊक नसते. ते आपण सांगायचे असते, आणि सांगताना संकोच करायचा नसतो.

त्या मुलाच्या आईवडिलांनी अखेर बालवाडी बदलली. नव्या ठिकाणच्या मुख्याध्यापिका निवृत्त परिचारिका होत्या. त्यांनी संच कपाटात ठेवून घेतला आणि दोन्ही आयांना तो वापरायला शिकवला. या कुटुंबाचे काम झाले, पण ते योगायोगाने झाले. ज्या मुलाच्या शाळेत निवृत्त परिचारिका नाही, ज्याच्या पालकांना शाळा बदलणे परवडत नाही, त्याचे काय, हा प्रश्न उरतोच. एखाद्याचे भाग्य चांगले निघाले म्हणून सुटलेला प्रश्न प्रशासनाच्या हिशेबी सुटलेला नसतो. तो सर्वांसाठी सुटेल असा एक पानी कागद काढणे शिक्षण आणि आरोग्य या दोन खात्यांच्या सचिवांना एका बैठकीत शक्य आहे. ती बैठक व्हावी, एवढीच अपेक्षा.